पाहुण्यांना जव्हार दाखवताना

जामसरच्या शाळेत माझी बदली झाली ती २००४ साली. घरातल्या कुणालाच हे गाव नकाशावर सापडेना. जव्हारचं नाव मात्र सगळ्यांनी ऐकलेलं. "जव्हार म्हणजे ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर ना गं?" असं म्हणून मावशीने माझी समजूत घातली आणि त्याच दमात सुट्टीत यायचं पक्कं करून टाकलं. पुढची अठरा वर्षं मी या तालुक्यात शिकवलं. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्याचा पालघर जिल्हा झाला, पत्त्यावरचं नाव बदललं, पाहुणे येत राहिले. दर सुट्टीत कुणाला ना कुणाला जव्हार दाखवायचं काम माझ्याकडे. वाटाड्या म्हणून त्यातली पहिली काही वर्षं मी साफ नापास झाले.

पहिली तुकडी मावसबहिणीची. मे महिना. तिच्याकडे वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं एक कात्रण होतं, त्यावर सात ठिकाणं. आम्ही जीप ठरवली आणि सातही ठिकाणं पाच तासांत उरकली. दाभोसा धबधब्याच्या कड्यावरून करंगळीएवढी धार पडत होती. राजवाड्याचं फाटक बंद होतं. सनसेट पॉइंटवर आम्ही दुपारी तीनला उभे होतो. शेवटी एसटी स्टँडसमोर वडापाव खाताना तिचे यजमान फार सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. पण इथे बघण्यासारखं नेमकं काय आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. ते पुढे मिळालं, पण तुकड्यातुकड्यांनी आणि बहुतेक वेळा चुका करून. तेच इथे क्रमाने लिहिते.

१. "काय बघायचं?" याआधी "केव्हा?" विचारावं

शाळा उघडल्यावर तिथे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना मी ही फजिती सांगितली. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी नाय तं दाभोशाला कशाला नेली? नि बोहाडा झाला तव्हा का नाय बोलावली?"

बोहाडा म्हणजे इथला रात्री चालणारा सोंगांचा उत्सव. दोन वाक्यांत त्यांनी मला सगळं पर्यटनशास्त्र शिकवलं. जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचं डोंगरपठार आहे. इथलं जगणं पावसाभोवती फिरतं, म्हणून पाहण्यासारखं जे काही आहे तेही महिन्यामहिन्याला बदलतं. जुलैत जो कडा गर्जतो तो मेमध्ये नुसता खडक असतो. दिवाळीपूर्वी जे पाडे गजबजलेले असतात ते पौषात कुलपं लावून बसतात. कात्रणात ठिकाणं सात होती, महिना एकाही ठिकाणापुढे लिहिलेला नव्हता. तेव्हापासून कुणी "येऊ का?" विचारलं की मी आधी महिना विचारते आणि मग काय दाखवता येईल ते सांगते.

२. पॉइंटांना जुनी नावं असतात, ती विचारावीत

'सनसेट पॉइंट' हे नाव बाहेरच्यांच्या सोयीचं. त्या जागेला आधी धनुकमाळ म्हणत, कारण तिथली कडा धनुष्यासारखी वाकलेली आहे. हे कळल्यावर मी पाहुण्यांना आधी कडेची ती वाकण बघायला लावते, मग सूर्य. हनुमान पॉइंटलाही लोक काट्या मारुती म्हणून ओळखतात. तिथून खालची दरी आणि समोर राजवाडा दिसतो.

जुनं नाव विचारलं की आणखी एक फायदा होतो. ज्याला विचारतो तो माणूस थांबतो. "सनसेट पॉइंट कुठे?" म्हटलं की हात दाखवून पुढे जातो. "धनुकमाळ म्हणजे काय हो?" म्हटलं की बिडी विझवून बोलायला लागतो.

३. राजवाडे दोन आहेत. नव्याच्या फाटकाशी रुसून बसू नये

जव्हारला येणारा प्रत्येक जण जय विलास विचारतो. गुलाबी छटेच्या दगडातला, झाडीत उभा असलेला हा राजवाडा शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला. तो खासगी मालकीचा आहे, तेव्हा आत जायला मिळेल की नाही हे आधी विचारून घ्यावं. नाही मिळालं तर लहान तोंड करून परतायचं कारण नाही. गावात जुना राजवाडा आहे आणि राज्याची गोष्ट तिथूनच सुरू करावी.

गोष्ट अशी. मुकणे हे महादेव कोळी घराणं. जयबा मुकणे यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला हे राज्य उभं केलं. १३४३ साली त्यांचा मुलगा निमशाह याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. १९४८ साली राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणजे सहाशे वर्षं एकच घराणं गादीवर होतं. महाराष्ट्रात अशी उदाहरणं शोधावी लागतील. जव्हारची नगरपालिकासुद्धा १९१८ची, संस्थानाच्या काळातली.

राज्य मिळालं कसं याची एक दंतकथा इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेली आहे. त्याआधी जव्हार एका वारली नायकाकडे होतं. कोळी सरदाराने त्याच्याकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायक हसून हो म्हणाला. सरदाराने त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्या दोरीने सगळा मुलूख वेढला. अशीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीची आणि तिथल्या डायडो राणीची सांगतात. गोष्टींनाही पाय असतात.

ही कथा मी एकदा चौथीच्या वर्गात सांगितली. मुलं खूश झाली. मागच्या रांगेतला एक वारली मुलगा मात्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, म्हणजे आधी आमचं होतं?" तेव्हापासून ही गोष्ट सांगताना मी शेवटी हसत नाही.

आणि राजांचं नाव राजवाड्यातच शोधावं असंही नाही. या घराण्यातल्या पाच जणांनी पतंगशाह हे नाव लावलं, त्यातले शेवटचे यशवंतराव. ते दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, पुढे १९६२ साली भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले. मला हे नाव पहिल्यांदा भेटलं ते एका केसपेपरवर. शाळेतल्या एका मुलीला रात्री साप चावला. जामसरच्या आरोग्य केंद्रातून तिला पुढे जव्हारला नेलं. पहाटे ती डोळे उघडून पाणी मागेपर्यंत मी हातातला कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. वर छापलं होतं : पतंगशाह कुटीर रुग्णालय. मुलगी वाचली. माझ्यापुरतं राजाचं स्मारक तेच.

४. शिरपामाळची गोष्ट पुरी सांगावी

जव्हारजवळच्या शिरपामाळावर प्रत्येक पाहुणा फोटो काढतो. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच लावला, त्यावरून शिरपामाळ, असं इथली परंपरा सांगते. सुरत लुटली गेली ती जानेवारी १६६४मध्ये. माळावर वारा जोराचा असतो, गोष्ट छातीत भरते, पाहुणे खूश होऊन जीपमध्ये बसतात.

कित्येक वर्षं मीही इथेच थांबायचे. मग एकदा इतिहास शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने हळूच विचारलं, "आणि १६७२चं काय?" त्या साली महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी याच विक्रमशाहाकडून जव्हार जिंकून घेतलं. सतरा लाखांचा खजिना हाती लागल्याची नोंद आहे. शिरपेच आणि स्वारी यांच्यात आठ वर्षांचं अंतर. सुरतेच्या वाटेवरचं हे राज्य मित्र म्हणून मोलाचं, ताब्यात असलं तर आणखी मोलाचं. राजकारण असंच चालतं.

मी आता माळावर दोन्ही सांगते. आधी भीती वाटायची की लोकांना आवडणार नाही. उलट पाहुणे माळावर अर्धा तास जास्त बसतात आणि आपसांत वाद घालतात. ज्या जागेवर वाद घालावासा वाटतो ती जागा लक्षात राहते.

५. इथलं जेवण हॉटेलात मागून मिळत नाही

दुसरी मोठी फजिती जेवणाची. भाच्याने स्टँडजवळच्या हॉटेलात विचारलं, "इथलं स्पेशल काय?" मालकाने पनीर मसाला सांगितला. तो बिचारा खोटं बोलत नव्हता, हॉटेलात तेच स्पेशल होतं.

इथलं खाणं बघायचं तर बाजाराच्या दिवशी सकाळी लवकर जावं आणि जमिनीवर बसलेल्या बायकांसमोर उभं राहावं. फडक्यावर वाटे लावलेले असतात. त्या वाट्यांत काय आहे यावरून महिना ओळखता यावा, एवढं ते नेमकं असतं. फाल्गुन-चैत्रात मोह. बायका-पोरं उजाडायच्या आत झाडाखाली जातात, कारण फुलं पहाटे गळतात आणि उशीर केला तर गुरं खाऊन टाकतात. मग काजू आणि काजूची बोंडं. बी हाती येते म्हणून बोंडाला कुणी विचारत नाही, पण मीठ लावून खाल्लेलं पिकलं बोंड मी आंब्याच्या पंगतीला बसवीन. वैशाखात करवंदं, जांभळं, अळवाची फळं. मोहाच्या बियांचं म्हणजे मोहट्यांचं तेल पावसाच्या तोंडावर निघतं. थंडीत ते डब्यातच गोठतं.

पावसाआधीची खरी गडबड सुक्या मासळीची. किनाऱ्याकडून बोंबील, जवळा, सुकट डोंगरावर येतात आणि घरोघरी आगोट भरली जाते. पहिल्या पावसाबरोबर शेवळं, लोत, कोळीची भाजी. श्रावणात करटोली, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, आणि ओहोळातले खेकडे. भाद्रपदात शेताच्या बांधावरच्या काकड्या. त्या किसून तांदळाच्या पिठात कालवायच्या, गूळ घालायचा, पानात गुंडाळून वाफवायच्या. पाऊस सरत आला की डोंगरउतारावर खुरासणी पिवळीधमक फुलते. पुढे नागली, वरई, उडीद घरात येतात. खुरासणीची चटणी आणि चुलीवरची नागलीची भाकरी यांच्यापुढे मला कुठलंच ताट मांडता येत नाही.

ही भाकरी विकत मिळणं कठीण. ओळख लागते. ओळख नसेल तर आदल्या दिवशी कुणाला तरी सांगून ठेवावं, शिधा आणि कष्ट दोन्हींचे पैसे न घासता द्यावेत आणि जे ताटात येईल ते खावं.

६. अनोळखी भाजी स्वतः शिजवू नये

हा धडा माझ्या घशाने घेतला. पहिल्याच जूनमध्ये बाजारात शेवळं दिसली. जांभळट, कणसासारखी, मोठी देखणी. मी दोन जुड्या घेतल्या, कांदा-लसणाची फोडणी दिली, चण्याची डाळ घातली आणि मोठ्या कौतुकाने शेजारच्या शिक्षिकेला जेवायला बोलावलं. तिसऱ्या घासाला दोघींचेही घसे असे खाजायला लागले की बोलता येईना. रात्रभर आम्ही ताकाच्या वाट्या हातात धरून बसलो होतो.

सकाळी पोषण आहाराच्या मावशी पोट धरून हसल्या. शेवळं ही सुरणाच्या जातीची. त्यांचा खवखवीतपणा मारायला काकडं लागतात, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळं. बाजारात शेवळं विकणाऱ्या बाईच्याच फडक्यावर शेजारी त्यांचा छोटा वाटा असतो. तो वाटा मी पाहिला होता. मला वाटलं होतं, कसलीशी कच्ची बोरं असतील.

शेजारी ठेवलेल्या गोष्टी एकमेकींसाठी ठेवलेल्या असतात, हे मी तेव्हापासून विसरले नाही. बाजारात आणि बाहेरही.

७. धबधबा लांबून बघावा

लेंडी नदीवरचा दाभोसा सुमारे तीनशे फुटांवरून कोसळतो. पावसाळा सरत असताना तो बघावा. तेव्हा पाणीही असतं आणि वाटही दिसते. आपट्याळ्याकडचा काळमांडवी आणखी देखणा, आणि देखणा म्हणूनच धोक्याचा.

कित्येक वर्षं मी पाहुण्यांच्या मुलांना पाण्यात उतरायला मना करत नसे. वाईटपणा कशाला घ्यायचा? मग २०२०च्या जुलैत काळमांडवीच्या डोहात जव्हारचेच पाच तरुण बुडाले. ते परक्या गावाहून आलेले नव्हते. त्यांना पाऊस ठाऊक होता, दगड ठाऊक होते, शेवाळ ठाऊक होतं. तरी वरच्या डोंगरात कोसळलेला पाऊस खाली केव्हा पोचतो ते कुणाला सांगता येत नाही. त्या आठवड्यात बाजारात मोठ्याने कुणी बोलत नव्हतं.

आता मी वाईटपणा घेते. काठापासून लांब, कोरड्या दगडावर बसवते आणि डबा उघडते. पाण्याचा आवाज तिथूनही पुरेसा येतो.

८. बोहाड्याला दुपारी झोप काढून जावं

शिमगा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत जव्हार-मोखाड्याच्या गावागावांत बोहाडे होतात. त्यातला मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा सगळ्यांत नावाजलेला. देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं रात्री एकामागून एक निघतात. गणपती, शारदा, नरसिंह, रावण, त्राटिका, वेताळ. मोठाले रंगीत मुखवटे, पुढे टेंभे, आणि संबळाचा ठेका असा की बघणाऱ्याचे पाय आपोआप हलू लागतात. कोणतं सोंग कुणी घ्यायचं याचा मान ठरलेला असतो. वर्षभर तुमच्या शेजारी एसटीत अंग चोरून बसणारा माणूस त्या रात्री नरसिंह होऊन समोर येतो. तुम्ही त्याला ओळखता आणि तरी दोन पावलं मागे सरता.

मावसबहिणीला मी एका वर्षी मुद्दाम बोहाड्याला बोलावलं. ती आली, पण अकराच्या सुमाराला मुलं पेंगायला लागली आणि आम्ही निघालो. शेवटच्या रात्री जगदंबा आणि महिषासुराची लढाई होते, ती पार पहाटेकडे. आम्ही मुख्य गोष्ट सोडून आलो होतो. दुसऱ्या दिवशी दुकानदारापासून कंडक्टरपर्यंत प्रत्येकाने विचारलं, "बाई, म्हैसासुर बघितला ना?"

तर दुपारी झोपावं. सोबत शाल घ्यावी, कारण चैत्रातही तिथली पहाट गार असते. खुर्ची शोधू नये, ओट्यावर जागा मिळते. आणि कॅमेऱ्याचा लखलखाट मुखवट्यापुढे करू नये. मुखवट्याच्या आत डोळ्यांना दोन छोटी भोकं असतात आणि समोर टेंभे पेटलेले असतात. नाचणाऱ्याला आधीच फार थोडं दिसतं.

९. तारपा फर्माईशीवर ऐकू नये

कुणाच्या तरी साहेबांना घेऊन मी एकदा एका पाड्यावर गेले. एप्रिल महिना. साहेब म्हणाले, "जरा तारपा वाजवून दाखवा." म्हातारे बाबा कसनुसे हसले, आत गेले, आणि बाहेर आले ते पाण्याचा तांब्या घेऊन. तारप्याचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही. परतताना एका मुलाने मला सांगितलं, "बाई, आता भात कुठाय?"

भात पिकायला लागलं की तारपा निघतो. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. सगळं रानातलं. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती. तो वळला की रांग वळते आणि फिरता फिरता साप जसा वेटोळं करतो तशी होते. नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत. वारली चित्रांत जे वेटोळं सगळं जग ओळखतं ते हेच. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी हे वाद्य बनवण्यात आणि वाजवण्यात आयुष्य घातलं.

चित्राचंही तसंच आहे. ते मुळात भिंतीवरचं, लग्नाच्या वेळचं, तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी काढलेलं. चौकात पालघट देवी बसते. लग्न लागलं, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही कला बाहेरच्या जगापुढे आणली आणि डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज जव्हारच्या दुकानात ट्रे, पिशव्या, चावीच्या कड्या सगळ्यांवर ती आहे. घ्यावीच, घरं त्यावर चालतात. फक्त घेताना "हे कुणी काढलं?" एवढं विचारावं. दुकानदाराला नाव सांगता आलं तर दोन पैसे जास्त देऊन घ्यावं.

१०. उन्हाळ्यात आपलं पाणी आपण आणावं आणि डोळे उघडे ठेवावेत

पाहुण्यांची आंघोळ ही माझी मे महिन्यातली सगळ्यांत मोठी चिंता होती. मावसबहिणीच्या मुलाने पहिल्या दिवशी दोन बादल्या संपवल्या. मी काही बोलले नाही. संध्याकाळी शेजारची आजी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढून येताना त्याला दिसली. त्याने विचारलं, "आजी, किती लांबून आणता?" आजीने हाताने डोंगराची एक सोंड दाखवली, मग दुसरी. दुसऱ्या दिवशी तो एका बादलीत उरकून बाहेर आला.

ज्या मुलखात पावसाळ्यात छत्र्या मोडतात तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे बाहेरच्याला पटत नाही. पठाराचा उतार तीव्र, कातळ उघडा, पडलेलं पाणी थांबतच नाही. आणि थांबवलेलं पाणी दुसरीकडे जातं. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. २०१४पासून ते मुंबईला रोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी देतं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण मी मुलांना शिकवायला गेले तेव्हा अर्थ त्यांनीच मला सांगितला.

दिवाळीनंतर आलात आणि पाडा ओसाड दिसला तर "किती शांत आहे!" असं म्हणू नये. लोक भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर, रेतीवर गेलेले असतात. शिमग्याला परततात. दिवाळीनंतर माझ्या वर्गाचा पट अर्ध्यावर यायचा आणि उरलेल्या मुलांत आजी-आजोबांकडे ठेवलेली जास्त असायची. १९९२च्या सुमारास इथल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव देशभर गेलं होतं. त्या गावांवरून धबधब्याकडे जाताना मी गप्प असते. पाहुण्यांनी विचारलं तर सांगते. सहलीचा विरस होतो, होऊ द्यावा.

११. एखाद्या कामासाठी जावं

जव्हार मला सगळ्यांत चांगलं दिसलं ते जामसरहून कामासाठी जायचे तेव्हा. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये पायाशी कोंबड्या, मांडीवर कुणाचं तरी पोर आणि शेजारी वरईचं पोतं. पंचायत समितीत कागद द्यायचा, वह्या घ्यायच्या, चप्पल शिवून घ्यायची. साहेब जेवायला गेलेले असले की दोन तास मोकळे. त्या दोन तासांत मी जुन्या राजवाड्यापाशी गेले, उरुसाला सगळ्या जातिधर्माचं गाव जिथे लोटतं त्या दर्ग्यात डोकं टेकलं, चहाच्या टपरीवर भाताचा भाव ऐकला. ज्याला काही बघायचं नसतं त्याला गाव बरंच काही दाखवतं.

म्हणून अलीकडे पाहुण्यांना मी एखादं काम देते. "बाजारातून नागलीचं पीठ आण," किंवा "चपलेला अंगठा लावून आण." सुरुवातीला ते गोंधळतात. परत येतात तेव्हा पीठ कमी आणि गोष्टी जास्त असतात.

निवृत्तीनंतर मी नाशिकला राहते. त्र्यंबक-मोखाड्यावरून जव्हारची एसटी मिळते, पण आता गुडघे कुरकुरतात, त्यामुळे उठलं की निघालं असं होत नाही. तरी दरवर्षी मृगाच्या आसपास जामसरच्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली विचारत नाही, पाऊसपाणीही नाही. एवढंच म्हणतो, "बाई, शेवळं निघाली."

मागच्या वर्षी फोन ठेवला तो मावसबहीण शेजारीच बसली होती. तिने उठून पिशवी शोधायला घेतली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "काकडं तिथे मिळतील ना गं? की इथून चिंच नेऊ?"